‘वहिनी हो’ आणि ‘वहिनी नाही’

मी लॅपटॉपचं झाकण खाडकन पाडलं आणि तुझा आवाज मधेच तुटला, प्रज्ञा. "वहिनी, शाळा सोडलीस तेव्हा..." एवढंच आलं आणि मग घरात काहीच नाही, नुसता पंखा. आर्या मांडीवर दचकली आणि भोकाड पसरलं तिने. तुझी आई चटईवर बसलेल्या, स्क्रीनला इतक्या चिकटून की जरा पुढे झाल्या असत्या तर कपाळ लागलं असतं. त्या तशाच बसून राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. चार वर्षं झाली मला ह्या घरात सून म्हणून येऊन, असं मला कधी बघितलं नव्हतं त्यांनी.

"काय केलंस हे?"

"आई, ते... आर्याला त्रास होत होता. आवाजाचा."

"आवाजाचा? माझ्या पोरीच्या आवाजाचा त्रास होतो तुझ्या पोरीला?"

तुझा दादा उभाच होता दारात, तो बोलला, "अगं उघड ना ते, काय झालंय तुला?" आणि मी झाकणावर दोन्ही हात ठेवून बसलेली, जसं काय आतनं कोणी बाहेर येणार आहे. तेव्हा तुझी मैत्रीण निकिता, लॅपटॉप तिचाच होता, ती पटकन बोलली, "काकू, बॅटरी गेलीय. चार्जर नाही आणला मी. परत येते ना." आणि माझ्या हाताखालनं लॅपटॉप ओढून पिशवीत भरला तिने. बॅटरी नव्हती गेली. मी बघितलेलं, निम्म्याच्या वर होती.

तुझं पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या रविवारची ही गोष्ट. फोनमधले मेसेज सोडले तर तू गेल्यावर पहिल्यांदा तुझा आवाज घरात आलेला, आणि तो मी बंद केला. तूच शिकवलेलंस मला, बातमी लिहिताना सगळ्यात मोठं काय झालं ते आधी सांगायचं, बाकी मागनं. म्हणून आधी हे सांगितलं. तुमच्या डिपार्टमेंटचा अंक निघतोय, त्यात घरचं कोणीतरी लिहा असं सांगून गेलेत. दादा दोन संध्याकाळी पेन घेऊन बसला आणि उठला. म्हणून मी लिहितेय, आर्या झोपलीय तोवर, श्वास घ्यायला पण वेळ नाही, निकिता टाईप करेल.

आता मागचं.

तुझी फिल्म, मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाची, वीस मिनिटांची. नाव ठेवलंस ‘कितवी?’. आपल्या मोहन्यातल्या चाळीतल्या पाच बायका, कितवीत शाळा सुटली, कशी सुटली, आणि कोणी विचारलं तर काय सांगतात. पाचवी बाई मी. आणि मी जे सांगते ते खोटं आहे. लग्न ठरताना माझ्या मामाने सांगितलेलं, पोरगी दहावी पास आहे. मी आतल्या खोलीत बशांत पोहे भरत होती, मला ऐकू आलं आणि मी पोहे भरत राहिली. दहावीला मी बसलेली हे खरं. गणितात आणि इंग्लिशमध्ये उडाली आणि परत काय बसली नाही. एवढंसंच खोटं. पण आपल्या घरात ते एवढंसं नाही ना गं. आपल्या घरात भिंतीवर फोटोंच्या खाली तुझी दहावीची मार्कशीट लॅमिनेट करून लावलेली आहे. आई स्वतः चौथी, सकाळपासनं पोळीभाजी केंद्रात उभं राहून पोळ्या लाटतात, आणि तिथल्या बायकांना सांगतात, पोरगी मीडियात शिकते आणि सून दहावी आहे, बारावी बाहेरून करणार आहे. दरवर्षी मला बोलतात, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस परीक्षेला. त्याला दहावीची मार्कशीट जोडावी लागते, म्हणून दरवर्षी मी काहीतरी कारण काढते. पहिल्या वर्षी नवीन लग्न. मग दिवस गेले. मग आर्या लहान. आर्या मोठी होतेय, प्रज्ञा, मला कारणं पुरेनाशी झालेली.

शूटिंगचे ते दोन दिवस मला आठवतात. कॉलेजचा कॅमेरा आयकार्ड जमा करून दोन दिवसांसाठी मिळालेला, तू तो बाळासारखा ओढणीत गुंडाळून आणलास. आवाजाचं यंत्र वेगळं, काडेपेटीपेक्षा जरा मोठं, त्याची वायर पदराच्या आतनं नेऊन गळ्याशी छोटा माईक लावलास. "वहिनी, टाळी वाजव." मी बोलली, कशाला, वाढदिवस आहे काय? तू बोललीस, "अगं, चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. टाळीवरनं दोघांना जुळवायचं, नाहीतर ओठ हलतील आणि शब्द मागनं येतील." मग प्रत्येक वेळी टाळी. दुपारपर्यंत आर्या पण टाळ्या वाजवायला लागली, जरा कुठे शांत झालं की हिची टाळी. तू चिडलीस का? नाही. तिच्या तोंडासमोर चमचा धरून विचारलंस, "आर्या मॅडम, चाळीच्या पाण्याच्या प्रश्नावर आपली भूमिका काय?" तिने चमचा चाटला. तू बोललीस, भूमिका स्पष्ट आहे.

आणि ते एक मिनिट गप्प बसणं. रूम टोन की काय ते. तू सांगितलंस, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती रेकॉर्ड करून ठेवायची, मधलं काही कापलं की तिथे भरायला. पहिल्यांदा बसलो तर शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी. दुसऱ्यांदा भंगारवाला. तिसऱ्यांदा मलाच हसू फुटलं आणि तू उशी फेकून मारलीस. चौथ्यांदा झालं. पंखा, मोरीतला नळ ठिबकतो तो, लांबनं कोणाचातरी टीव्ही, आणि आपण दोघी. आपलं घर असं ऐकायचं असतं हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग माझी मुलाखत. मी पदर सारखा करून घडाघडा बोलली, घरची परिस्थिती, वडिलांचं आजारपण, दहावी झाली आणि सुटली शाळा. तू कॅमेरा बंद केलास, लाल दिवा गेला. मी चहा टाकला. तू स्टँडवरनं कॅमेरा काढत सहज बोललीस, "काय बोललीस गं वहिनी तू. दहावी कोण बोलेल, ग्रॅज्युएट वाटतेस." आणि मला काय झालं माहीत नाही. कोणी ओरडलं असतं तर मी खोटं आणखी घट्ट धरलं असतं. तू कौतुक केलंस आणि ते सुटलं हातातनं. चहा उकळत होता तिथेच उभं राहून मी तुला सगळं सांगितलं. मग तू पण मला तुझं एक सांगितलंस. ते पुढे सांगते.

लाल दिवा गेला म्हणजे संपलं असं मला वाटलेलं. तो दिवा कॅमेऱ्याचा होता. आवाजाचं यंत्र माझ्या कमरेला खोचलेलं, ते चालूच होतं. तुझ्या पण लक्षात नाही आलं. यंत्र काढलं ते आपलं चहाबिहा पिऊन झाल्यावर.

हे मला कळलं ते तू मला कॉलेजात घेऊन गेलीस तेव्हा. मी कधी कॉलेजचा जिना चढली नव्हती. ठाण्याला उतरलो, माजिवड्याला रिक्षा बदलली, आर्या कडेवर, माझी चप्पल तुटायला आलेली. गेटवरच्या वॉचमनने अडवलं, "आयकार्ड?" तू तोंड एकदम गंभीर करून बोललीस, "मॅडम गेस्ट लेक्चरला आल्यात." त्याने आर्याकडे बघितलं, "आणि ह्या?" "ह्या एचओडी." तो हसला आणि सोडलं. मला काय छान वाटलं माहितीये, मॅडम बोललीस ते. खोटं होतं तरी.

मग ती एडिटिंगची थंडगार खोली, आणि तू माझ्या कानांना हेडफोन लावलेस आणि बोललीस, "वहिनी, घाबरू नकोस. पूर्ण ऐक." मी माझाच आवाज ऐकला. मागे चहा उकळतोय. मी दहावी पास नाही गं.

"काढ हे."

"काढते. तू बोलशील तर आत्ता काढते. पण वहिनी, बाकी चौघी कॅमेऱ्याला बोलल्यात. तू माणसाला बोललीस. माझी फिल्म इथे आहे गं."

"तुझी फिल्म होईल आणि माझं घर जाईल."

"कोणी घालवत नाही तुझं घर."

"तुला काय माहीत? तू ह्या घरात जन्मलीस. मी आलीय."

तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस. मग हळू बोललीस, "आम्हाला शिकवलंय, ऑफ द रेकॉर्ड बोललेलं विचारल्याशिवाय वापरायचं नाही. तुझा एक श्वास पण नाही वापरणार मी. म्हणूनच तुला इथे आणलं ना. विचारतेय तुला."

आणि मी काय बोलली? मी बोलली, "मार्कांसाठी वहिनीला बाजारात बसवशील तू."

हे मी लिहिलं आता. पुसणार नाही. तू हेडफोनची वायर हाताला गुंडाळत बसलीस, गुंडाळून झाली तरी गुंडाळत होतीस. येताना स्टेशनबाहेर आर्यासाठी कानटोपी घेतलीस, मला नाही विचारलंस रंग कुठला. त्यानंतर चार दिवस आपण पाणी आलंय, मीठ दे, आर्याला घे, एवढंच बोललो. पाचव्या दिवशी तुला ताप भरला. डेंग्यू. हॉस्पिटलात तू मला खुणेने जवळ बोलावलंस, ओठ सुकलेले, बोललीस, "वहिनी, आपलं ते राहिलंय." मी बोलली, "आधी बरी हो. मग भांडू."

मग भांडू, असं बोलली मी. सॉरी नाही बोलली. वेळ आहे असं वाटलेलं ना.

तर त्या रविवारी मी झाकण का पाडलं ते आता तुला कळलं असेल. तुझा प्रश्न आला आणि मला वाटलं, पुढचं वाक्य आलं. आईंच्या समोर, दादाच्या समोर.

निकिताला मी सोडायला गेली कोपऱ्यापर्यंत. ती बोलली, "वहिनी, ते नव्हतंच त्यात."

"काय?"

"ते वाक्य. ह्या फाईलमध्ये नव्हतंच. प्रज्ञाने तिथे तुमच्या खोलीची शांतता लावलीय."

मी कट्ट्यावर बसली खाली. निकिताने मग सांगितलं. तू फिल्म पुरी करून ठेवलेलीस, पण दोन. एका फाईलचं नाव ‘वहिनी हो’, दुसरीचं ‘वहिनी नाही’. हो मध्ये ते वाक्य आहे आणि त्याच्या मागचं आपलं दोघींचं बोलणं आहे. नाही मध्ये नाही. आणि हो मध्ये माझ्या वाक्यावर तू लाल खूण करून लिहून ठेवलंयस, ‘विचारायचं’. तोवर आपलं बोलणं बंद होतं, प्रज्ञा. मी तुला नको ते बोललेली, आणि तू घरी मीठ मागत होतीस आणि तिकडे बसून माझ्यासाठी दोन्ही दारं करून ठेवत होतीस. मी तिथेच रस्त्यावर रडली. निकिता पण.

ती बोलली, "वहिनी, जोर नाही करत. शुक्रवारपर्यंत द्यायची आहे कॉलेजात, मग हॉलमध्ये सगळ्यांना दाखवणार आहेत, अंक पण तेव्हाच वाटणार. तुम्ही बोलाल ती देते. फक्त एक सांगते. नाही मध्ये प्रज्ञाचा आवाज फक्त प्रश्न विचारताना आहे, तुकडे तुकडे. सलग ती बोललीय ती फक्त हो मध्ये."

हे ऐकलं नसतं तर मी तिथेच नाही सांगून घरी आली असती. पण घरी काय चाललंय ते तुला माहीत नाही. आईंच्या फोनमध्ये तुझे व्हॉइस मेसेज आहेत, सगळे एवढे एवढेसे. "आई, उशीर होईल." "आई, डबा विसरले." "ठेव गं, क्लास चालूये." आई ते लावतात, कामावरनं आल्या की हात धुवायच्या आधी. डबा विसरले. परत. डबा विसरले. आणि माझ्याकडे तुझी आख्खी बडबड होती, चहा उकळताना केलेली, आणि ती मी माझ्या खोट्यासोबत बांधून ठेवलेली. एक सोडलं की दुसरं सुटणार.

मला अजून एक वाटलं. तू माझी परवानगी मागितलीस, तुझी कोण मागणार? कारण तू जे सांगितलंस ते पण तुझ्या आईपासनं लपवलेलं. मी निकिताला फोन करून विचारलं. ती बोलली, "तिने तिचं बोलणं स्वतः ठेवलंय, वहिनी. खूण फक्त तुमच्यावर आहे." म्हणजे तू तुझं हो करून बसलेलीस.

बुधवारी दुपारी निकिता परत आली. दादा कामावर. आई नुकत्याच आलेल्या, मनगटाला पीठ तसंच. मी बोलली, आई, बसा, आज बॅटरी आहे. हेडफोन मीच लावले त्यांच्या कानाला, जसे तू माझ्या लावलेलेस. आर्याला निकिताकडे दिलं. मी उंबऱ्याला टेकून उभी राहिली, पळायचं झालं तर बरं म्हणून, खरंच सांगते.

मला ऐकू येत नव्हतं, पण मला पाठ होतं. आधी मी. मग तू हसतेस, "हात्तिच्या, एवढंच?" आणि मग, "वहिनी, मला केटी लागलेली. पहिल्या सेमला. दोन विषयांत. आईला अजून माहीत नाही."

"खोटं!"

"शप्पथ. वर्गात सगळ्या इंग्लिशमध्ये फाडफाड, आणि मी मोहन्याची. मॅडमनी विचारलं, बातमी म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये सांग. मला मराठीत येत होतं गं, तोंडातनं काही निघालंच नाही. बाथरूममध्ये जाऊन बसले. कॉलेज सोडायचं असं ठरवून घरी आले. तर आई, हाताला पीठ, विचारते, काय शिकवलं आज? आता तिला काय सांगू? बोलले, बातमी म्हणजे काय ते शिकवलं. ती बोलली, मग सांग ना काय असते. आणि मी सांगितलं, वहिनी. मराठीत, चांगली पाच मिनिटं. ती ऐकत बसली, मधेच विचारते, मग अफवा आणि बातमीत फरक काय? मॅडमनी नव्हतं विचारलं असलं. त्या दिवसापासनं मी रोज तिला शिकवायला लागले. केटी तशीच सोडवली. माझी सगळी डिग्री आईला शिकवून चाललीय आणि तिला पत्ताच नाही, तिला वाटतं पोरगी गप्पा मारते."

मग तू हसलीस आणि बोललीस, "चहा उतू चाललाय, नापास बाई." आणि मी बोलली, "तूच उतरव, नापास बाई." आणि संपतं.

आईंनी हेडफोन काढले नाहीत. बराच वेळ. मग काढले, मांडीवर ठेवले.

"केटी म्हणजे काय?"

मी सांगितलं. नापास, पण पुढच्या वर्गात बसू देतात, तो विषय परत द्यायचा.

"म्हणजे नापासच."

"हो."

"आणि तू पण."

"हो, आई."

"दोघी नापास. आणि मी तिकडे पोळ्या लाटताना बायकांना सांगत सुटते." निकिताने आर्याच्या डोक्यात तोंड लपवलं, तिला हसू आलं की रडू मला कळलं नाही. आई माझ्याकडे बघून बोलल्या, "चार वर्षं. चार वर्षं मी तुला फॉर्म भर, फॉर्म भर करतेय आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस."

मी निकिताकडनं आर्याला घेतलं.

"हे बाहेर जायचं नाही," आई बोलल्या. "माझी पोर नापास हे लोकांना कशाला कळायला पायजे? आता काय ती परत पास होऊन दाखवणारे?" मग हेडफोन परत उचलले. "लाव परत."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्या डोळे मिटून मान हलवत होत्या, जशा तू बोलत बसायचीस तेव्हा हलवायच्या, आणि स्वतःशीच बोलल्या, "म्हणून बडबडायची होय माझ्यापुढे."

निकिताला मी सांगितलं, ‘वहिनी नाही’ दे. मला काय सुटल्यासारखं वाटलं, प्रज्ञा, लाज वाटते सांगायला. आईंनीच नको सांगितलं, माझं काम झालं. रात्री जेवताना आईंनी दादाला सांगून टाकलं माझं. तो ओरडला नाही. ताट सरकवलं आणि बोलला, "मला तरी सांगायचं होतंस." तो अजून नीट बोलत नाही माझ्याशी. बोलेल. मला वाटतं बोलेल.

निकिताने ‘वहिनी हो’ ही फाईल माझ्या मोबाईलवर टाकून दिलेली. गुरुवारी दुपारी आई कामावरनं आल्या त्या एकट्या नाही, पोळीभाजी केंद्रातल्या दोघी सोबत. मला वाटलं सांत्वनाला आल्यात. पाणी दिलं. आई बोलल्या, "ते लाव गं."

"कुठलं, आई?"

"कुठलं काय, माझी पोरगी बोलते ते."

"आई, त्यात..."

"लाव."

मी मोबाईल स्टुलावर ठेवला आणि लावलं, हेडफोनशिवाय, मोठ्याने. माझं वाक्य त्या दोघींच्या समोर घरभर झालं. मी मोरीकडे तोंड करून उभी राहिली. मग तू. मग केटी. एक बाई बोलली, "अगं बया, नापास?" आणि आई, ज्यांनी काल बाहेर जायचं नाही सांगितलेलं, त्या तिच्यावर खेकसल्या, "पुढचं ऐक! मग पास कशी झाली ते ऐक. मला शिकवून झालीय." दुसरी डोळे पुसत बोलली, "माझी सून पण बारावी सांगून आणलेली. मार्कशीट अजून गावावरनं येतेय." आणि आई हसल्या. तू गेल्यापासनं पहिल्यांदा. हसता हसता तोंडावर पदर धरला आणि मग ते हसणं राहिलं नाही.

त्या दोघी गेल्यावर मी आईंच्या समोर बसली. बोलली, "आई, मी निकिताला हो सांगू का? हॉलमध्ये खूप लोक असतील."

त्या पोळपाट पुसत होत्या. बोलल्या, "ती पोर मला रोज शिकवून गेली आणि मी ते लपवून ठेवू?" मग बोलल्या, "तुझं तू बघ. तुझं खोटं तुझं आहे, त्याचं मी अजून काही ठरवलं नाही." मग आणखी जरा वेळाने, "मला पुढच्या रांगेत बसवायला सांग. मागनं नीट ऐकू येत नाही."

मी निकिताला फोन लावला. सांगितलं, हो.

प्रज्ञा, तू आता जरा थांब. मला ह्यांच्याशी बोलायचंय, जे हा अंक हातात घेऊन हॉलमध्ये बसलेत आणि दिवे जायची वाट बघतायत.

पुढच्या रांगेत हिरव्या साडीतल्या बसल्यात त्या प्रज्ञाच्या आई. बाजूला पोरगी घेऊन मी. आमच्यात अजून सगळं नीट झालेलं नाही, आणि थोड्या वेळाने तुम्ही सगळे मला ओळखाल, बाहेर जिन्यावर मला बघून एकमेकांना कोपर माराल. मी खूप घाबरलेली आहे. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला ह्याच गोष्टी शिकवतात इथे, काय दाखवायचं, काय नाही, कोणाला विचारायचं. म्हणून विचारते. तुमच्या घरातली पोरगी अशी गेली असती, आणि तिचं सलग असं बोलणं जगात एकाच ठिकाणी राहिलं असतं, आणि ते ऐकवायचं तर आधी तुमचं खोटं सगळ्यांना ऐकवावं लागलं असतं, तर तुम्ही कुठली फाईल दिली असती?